झुलालचा डावा पाय

परातीत वाटी पडली आणि गरगर फिरत राहिली. भिंतीला धरून उभं राहता राहता बाळाने फडताळावरून ती ओढली होती. वाटी थांबेपर्यंत खोलीतली बाकी तिघं तिच्याकडेच बघत राहिली: ताटापुढे हात न लावता बसलेला झुलाल, चुलीपुढची वच्छला, आणि दारात केळीच्या सोपटाची बाहुली करत बसलेली पाच वर्षांची तुळसा. वाटी निजली, तसं झुलालला तोंड उघडायला जणू निमित्त मिळालं.

"सोमवारले धुळ्याना भंगारवाला येई राहिना," तो म्हणाला. "गाडी कापाले."

वच्छलाने तव्यावरची भाकरी उलटलीच नाही. एका बाजूने ती काळी होत गेली.

"शेठ काय बोलना?"

"शेठ म्हने, गाडीमा दोष नही. तुना डावा पायमा दोष शे."

"कोनादेखत म्हने?"

"बठ्ठा हमाल उभा व्हतात."

गाडी कापणार याहून वच्छलाला हे जास्त लागलं. गाडी शेठची होती, शेठने ती कापावी नाहीतर तिची आरती करावी. पण पाय झुलालचा होता. ड्रायव्हरच्या पायात खोट आहे असं एकदा वखारीत बोललं गेलं की रावेरात, सावद्यात, भुसावळात, कुठेच कुणी त्याला स्टिअरिंगला हात लावू देणार नव्हतं. वयाच्या तिसाव्या वर्षी पुन्हा डोक्यावर केळीचे घड घेऊन तो वॅगनीत चढ-उतर करणार. हे तिला त्या जळक्या भाकरीच्या धुरात अगदी स्वच्छ दिसलं.

दोघं अमळनेरकडची. रावेरला येऊन चार वर्षं झाली तरी घरात बोलणं तिकडचंच. कन्हैयालाल शेठची केळीची वखार रावेर स्टेशनच्या अलीकडे होती, आणि वखारीच्या आवाराच्या टोकाला ही खोली. दोन वर्षांपूर्वी शेठने धरणाच्या कामावरून लिलावात एक जुना अमेरिकन ट्रक उचलला, तेव्हा हमालीतल्या झुलालचं नशीब फिरलं. ट्रकचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं आणि त्याला क्लचच नव्हता. खाली दोनच पेडल. एक वेग द्यायचं, एक थांबवायचं. गिअर आपले आपण पडायचे. रावेरातल्या कसलेल्या ड्रायव्हरांनी एकेक फेरी मारून हात जोडले होते. वीस-वीस वर्षं क्लच दाबलेला त्यांचा डावा पाय सवयीने खाली जायचा, नेमका ब्रेकवर पडायचा आणि गाडी जागच्या जागी नाक आपटायची. झुलालच्या पायाला कसलीच सवय नव्हती. त्याने धरणावरच्या पंजाबी ऑपरेटरकडून आठ दिवसांत गाडी शिकून घेतली. गाव तिला बिनक्लचवाली म्हणायचं. तिच्यातून आलेला केळीचा घड वॅगनीत चढेपर्यंत डाग खात नसे, म्हणून शेठ तिच्यावर खूष होता.

पण आता अडीच महिने झाले, गाडी गिअर बदलताना हिसडा द्यायला लागली होती. इंजिन ओरडत ओरडत वर जायचं, मग धाडकन काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं आणि मागचे घड एकमेकांवर आपटायचे. दिल्लीला पोचेपर्यंत त्यांना काळे वळ उठायचे. शेठने रुपचंद मिस्तरीला बोलावलं. रुपचंद मिस्तरी म्हणजे इंजिनाच्या नुसत्या वासावरून आजार सांगणारा माणूस. त्याने मुंबईहून पातळ लाल तेल मागवून गिअरबॉक्समधलं तेल दोनदा बदललं. हिसडा तसाच. मग तो म्हणाला, आतल्या चकत्या झिजल्या, त्या मिळायच्या नाहीत. आणि काल म्हणाला, चकत्या झिजवल्या कुणी? ड्रायव्हरचा डावा पाय ब्रेकवर टेकलेला असणार, म्हणून गाडी पुढे-मागे ओढली जाते.

"मंग तुम्ही काय बोलनात?" वच्छलाने विचारलं.

"काय बोलसू? मिस्तरीपुढे मी कोन?"

"पाय कोना शे? मिस्तरीना का तुमना?"

तुळसा बाहुली खाली ठेवून बापाचा पाय बघायला आली.

वच्छलाने जळकी भाकरी स्वतःच्या ताटात टाकली, दुसरी थापली, आणि थापता थापता म्हणाली, "गाडी कवयपाइन हिसडा मारस?"

"थंडीपाइन. मिस्तरीले तेच सांगं मी."

"थंडीपाइन नही."

तिचं पंचांग वेगळं होतं. अंगावर लेकरू असलेल्या बाईला तिथी-वार आठवत नाहीत, तिला लेकरू आठवतं. बाळ पालथं पडायला लागलं तेव्हा ती पहाटे त्याला पाजत पडलेली असायची आणि गाडी वखारीतून निघायची. इंजिन थोडं वर चढायचं, वळणावरच्या कडुलिंबाशी आलं की एक हलका सुस्कारा टाकायचं आणि पुढच्या गिअरला जायचं. बाळाची चूळबूळसुद्धा होत नसे. बाळ टेकून बसायला लागलं तेव्हाही तसंच. ती तर भर थंडी होती. आणि बाळ रांगायला लागलं त्या पहाटे मात्र इंजिन कडुलिंबाशी थांबलं नाही. ओरडत सोसायटीच्या गोदामापर्यंत गेलं, आणि तिथे धाड! बाळाने पिता पिता तोंड काढून दचकून पाहिलं होतं. रांगायला लागलं ते माघात, मनुदेवीला जावळ काढून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

तिने हे सगळं सांगितलं तेव्हा झुलालने ताट बाजूला सारलं.

"तू रोज आयकस?"

"कान बंद करीसन दूध पाजता येस का?"

तिचा बाप अमळनेरला तेलाच्या गिरणीत फिटर होता. दुपारपाळी करून आला की गिरणीच्या धडधडीत तो ढाराढूर झोपायचा, आणि गिरणीचा सूर जरा चुकला की कुणी न उठवता उठून बसायचा. लहानपणी त्याच्या शेजारी झोपून झोपून वच्छलाला ती खोड लागली होती. पाटी-पुस्तक सातवीला सुटलं, हे काही सुटलं नाही.

"भरेल गाडी जास्त हिसडा मारस का रिकामी?" तिने पुढचं विचारलं.

झुलाल विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "रिकामी." त्याला स्वतःलाच नवल वाटलं. भरलेली गाडी चढाला लावली, पेडल पार दाबलं, की गिअर जसा पडायला हवा तसाच पडतो. सपाटीवर, रिकामी, हलक्या पायाने न्यावी तर हाडं खिळखिळी करते.

"चकत्या झिजेल राहत्या तं वझ्याखाले आधी रडत्या," वच्छला म्हणाली. "हाई उलटं शे. चाला, माले दखाडा."

"तुले? गाडीमा? शेठ पाही तं काय म्हनी?"

"म्हनू द्या. आते अजून काय म्हनाना राही गयं?"

दुपारी दोनचं ऊन होतं. हमाल पत्र्याच्या सावलीत आडवे झाले होते. घडांना पानं गुंडाळणारी दिवालीबाई तेवढी जागी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून रोज चालत येणारी ती बाई, कुणाच्या बापाला न भिणारी. वच्छला बाळाला कडेवर आणि तुळसाला हाताला धरून ट्रकमध्ये चढताना पाहून ती ओरडली, "कुठे चालली गं, माहेरी?"

"डॉक्टरकडे," वच्छला म्हणाली.

"कोणाला बरं नाही?"

"हिलाच." तिने ट्रकच्या दारावर थाप मारली.

सावद्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने नवऱ्याला एक शब्द बोलू दिला नाही. मग म्हणाली, "डावा पाय वर घ्या."

"काय?"

"मांडी घाला एका पायनी. सीटवर."

झुलालने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर एक बैलगाडी आणि तिच्या सावलीत चालणारं कुत्रं, एवढेच साक्षीदार. त्याने डावा पाय उचलून सीटवर मुडपून घेतला, देवळात बसतात तसा. तुळसा खिदळली. गाडी निघाली, इंजिन वर वर ओरडलं, आणि धाड! सगळ्यांच्या माना एकदम मागे गेल्या. बाळाने भोकाड पसरलं.

झुलाल मात्र हसत होता. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. "दखं? पाय तं आठे शे!" तो मुडपलेल्या पायावर चापट मारून म्हणाला. "हाऊ दख, आठे शे!"

"माले माहीतच व्हतं," वच्छला म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं, नुसती तिची खात्री होती. बाळाला पदराखाली घेत ती म्हणाली, "आते दाबीसन चालाडा."

त्याने पेडल दाबलं. गाडी सुसाटली, आणि गिअर पडला तो कसा, तर जसा पडायला हवा तसाच. पुन्हा हलक्या पायाने, पुन्हा धाड. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी वच्छलाने डोळे मिटून घेतले होते. तिला गाडी कळायला लागली होती. ही गाडी चिडकी नव्हती, म्हातारीही झाली नव्हती. हलका पाय असतानाही ती अशी वागत होती, जशी जड पायाखाली वागेल. तिला कुणीतरी खोटं सांगत होतं.

"तुमना पायनी खबर गिअरबॉक्सले कोन देस?" तिने विचारलं.

झुलालने गाडी बाजूला घेतली. पंजाबी ऑपरेटरने जाताना काहीतरी दाखवलं होतं. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत गेलेली बोटभर जाडीची एक लांब दांडी. तो तिला चुगलखोर म्हणायचा. ड्रायव्हरने पेडल दाबलं की ही दांडी सरकते आणि खाली जाऊन चुगली करते: दाबलंय रे, ओझं आहे, उशिरा बदल आणि घट्ट धर. पेडल सोडलं की मागे येते आणि सांगते, आता लवकर बदल, अलगद. "ती हलाले पाहिजे असं म्हने तो. तेल पाजत जाय म्हने."

"मंग पाजं का?"

"पयलं वरीस पाजं," झुलाल म्हणाला आणि त्याने गाडी वखारीकडे वळवली.

वखारीत परत आले तेव्हा हमाल उठून बसले होते. वच्छलाने बाळाला दिवालीबाईच्या मांडीत टाकलं, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि झुलालला म्हणाली, "तुम्ही वर बसा. मी सांगसू तवय पेडल दाबा."

"मी जास ना खाले."

"वर पाय कोना पाहिजे? तुमनाच. खाले मी."

ती पाठीवर झोपून ट्रकखाली सरकली. खाली गरम लोखंडाचा आणि जुन्या तेलाचा वास होता, बापाच्या सदऱ्याला यायचा तसा. काळोखाला डोळे सरावेपर्यंत तिने नुसते हात फिरवले. वरून हमालांची कुजबुज, मग एकदम शांतता, मग कोल्हापुरी वहाणांची करकर. शेठ आले. त्यांच्यामागे रुपचंद मिस्तरीचे बूट.

"झुलाल!" शेठचा आवाज. "ये क्या तमाशा? बाईमाणूस गाडीखाली? गाडीचं बाळंतपण करायचंय काय?"

हमाल हसले. वच्छला खालूनच म्हणाली, "तेच करायचंय शेठजी. अडलीय ती, म्हणून तर बाई लागली."

आता दिवालीबाई हसली, एकटीच आणि मोठ्याने. रुपचंद मिस्तरीने वाकून पाहिलं. "वहिनी, बाहेर या. हे पान्याचं काम आहे, लाटण्याचं नव्हे."

"लाटणं घरी ठेवून आले, मिस्तरी. तुम्ही बॅटरी आणली असेल तर जरा उजेड धरा."

मिस्तरीने बॅटरी धरली नाही. पण तेवढ्यात तिच्या बोटांना दांडी लागली. ती ओरडली, "दाबा!" झुलालने पेडल दाबलं. वरचं टोक हललं, दांडी जेमतेम केसभर सरकली. "सोडा!" पेडल सुटलं. दांडी मागे आली नाही. तिथेच अडकून राहिली, पेडल अर्धं दाबल्यावर जिथे असायला हवी तिथे. तिने दांडीवरून हात पुढे नेला. दांडीला काहीतरी मऊ लागलं. लोखंड नव्हे, कापड. दांडी शेजारच्या नळीला ताणून बांधली होती, दोन वेढे, वर निरगाठ. तेलाने काळं पडलेलं कापड, पण कडेची वीण अजून बोटांना कळत होती.

वच्छलाचा हात तिथेच थांबला.

हिरव्या लुगड्याचा काठ. तिच्याच. जावळासाठी शेठने त्या दिवशी गाडी दिली होती. मनुदेवीहून येताना बाळाचं डोकं नुकतं भादरलेलं, कोवळं, अंगात कणकण. गाडीत दोन पायांच्या मधल्या फळीला भोक होतं आणि त्या भोकाखाली काहीतरी सारखं खुळखुळत होतं, खळ् खळ् खळ्. बाळ डोळा लावायचं आणि त्या आवाजाने दचकून उठायचं. यावलला झुलाल पाणी आणायला उतरला तेव्हा तिने बाळाच्या लंगोटासाठी आणलेल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, भोकातून हात घातला, जे खुळखुळत होतं ते धरून नळीकडे ओढलं आणि गच्च बांधून टाकलं. बाळ झोपलं. गाडी पुढे हिसडे देत होती, तेही तिला आता आठवलं, पण रस्ता खराब होता आणि बाळ झोपलं होतं. तिने त्या वेळी देवीलाच हात जोडले होते.

दांडीच्या वरच्या टोकाचं भोक झिजून लांबट झालं होतं, म्हणून ती खुळखुळत होती. आणि खुळखुळत होती म्हणूनच मोकळी होती. जे वाजतं ते बांधून टाकायचं, हीच या वखारीतली दुरुस्तीची रीत. पत्रा वाजला, बांधा. मडगार्ड वाजलं, बांधा. तिनेही तेच केलं होतं. दांडी तेव्हापासून गाडीला दिवसरात्र एकच खोटं सांगत बसली होती, की झुलालचा पाय जड आहे.

गाठ सोडून कापड ओटीत टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. गाडी मऊ झाली असती. पण मग शेठ काय समजला असता? मिस्तरीचं तेल लागू पडलं, नाहीतर झुलालने पाय सुधारला. पाय तो पायच, त्याच्यावरचा डाग तसाच राहिला असता.

तिने गाठ सोडली नाही. ती म्हणाली, "मिस्तरी, आता तरी उजेड धरा. तुम्हीच बघा."

शेठसमोर नाही म्हणता येईना, म्हणून रुपचंद बॅटरी घेऊन खाली वाकला. त्याने दांडीवरून उजेड फिरवला. मग त्याला पाहिजे ते सापडलं. तो उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, "बघा शेठजी! ड्रायव्हरची कारागिरी! रॉड चिंधीने बांधून ठेवलाय. मी म्हणत नव्हतो, दोष माणसाचा आहे?"

वच्छला खालून सरपटत बाहेर येईपर्यंत झुलाल खाली उतरला होता. त्याने वाकून कापड पाहिलं. त्यालाही ते ओळखू आलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीच्या सणाला माहेराहून आलेलं लुगडं त्याला न ओळखायला काय झालं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग शेठकडे.

"हो शेठजी," तो म्हणाला. "बांधलं खरं. मीच…"

"मी बांधलं," वच्छला म्हणाली.

तिच्या पाठीला माती, हातांना कोपरापर्यंत काळं तेल. पदर सारखा करायला हात नव्हते म्हणून तिने तो तसाच राहू दिला. "यांना माहीतसुद्धा नाही. मनुदेवीहून येताना ते पाण्याला गेले होते, तेव्हा मी बांधलं. लेकरू झोपत नव्हतं. खुळखुळत होतं म्हणून बांधलं. झोपलं लेकरू."

"तू बांधलं?" शेठ म्हणाले. "माझ्या गाडीला? आणि तोंड वर करून सांगतेस?"

"खाली करून सांगितलं तर ऐकू येईल का इतक्या लोकांना?" तिचा आवाज खाली येत नव्हता. "चूक माझी. माझ्या हाताची. ती मी सांगतेय. पण अडीच महिने तुम्ही सगळे पाय बघत बसलात. तेल दोनदा बदललं, तेलाच्या वरची दांडी एकदा नाही बघितली. आणि सगळ्या हमालांसमोर पायाला बट्टा लावलात."

"वहिनी, जरा समजून बोला," रुपचंद म्हणाला.

"समजूनच बोलतेय मिस्तरी. न समजता तुम्ही बोललात."

शेठचे कान लाल झाले. झुलालने तिचा दंड धरायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. दिवालीबाईच्या मांडीत बाळ केळीचं पान फाडत बसलं होतं, तेवढाच काय तो आवाज.

"शेठजी," वच्छला जरा हळू म्हणाली, "गाठ अजून बांधलेली आहे. तुम्ही स्वतः बसा. आधी बांधलेली चालवून बघा, मग सोडून. त्यानंतर आम्हाला खोली सोडायला सांगा, भांडी काय, तासात उचलते."

कन्हैयालाल शेठ व्यापारी होते. रागाच्या भरात माल पारखायला ते नकार देत नसत. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि ते गाडीत चढले. पिकायला आलेला एक घड मागवून घेतला आणि मांडीवर धरला. झुलालने गाडी वळणापर्यंत नेली. इंजिन कडुलिंब ओलांडून ओरडत गोदामाशी गेलं, आणि धाड! सगळ्या वखारीने ऐकलं. गाडी परत आली तेव्हा शेठ घडाला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते.

मग वच्छला पुन्हा खाली गेली. निरगाठ तेलाने चिकटली होती, तिने दाताने ओढून सोडवली. दांडी तिच्या हातातून सटकन मागे आली, जणू वाटच बघत होती, आणि खळ् करून हलली. तोंडात तेलाची कडू चव घेऊन ती बाहेर आली, थुंकली, आणि म्हणाली, "जा आता."

गाडी निघाली. हमाल उभे राहिले. इंजिन थोडं वर चढलं. तुळसाने आईच्या लुगड्याला धरून डोळे मिटले. कडुलिंबाशी आलं, एक हलका सुस्कारा टाकला, आणि पुढे गेलं. कुणी काही ऐकलंच नाही, इतकं अलगद. दिवालीबाई म्हणाली, "पडला का रे गिअर?" आणि एक हमाल म्हणाला, "पडला वाटतं."

गाडी परत येईपर्यंत वच्छला खाली बसली.

शेठ सावद्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आले. उतरले, घड खाली ठेवला, त्यावरून हात फिरवला आणि मुनीमजींना हाक मारून म्हणाले, "धुळ्याला निरोप धाडा. सोमवारी येऊ नको म्हणावं." झुलालला म्हणाले, "चार वाजता वॅगन लागते. भरायला घे." आणि ते पेढीकडे निघाले.

"शेठजी," वच्छला उठून उभी राहिली.

ते थांबले.

"पायाचं राहिलं."

"काय राहिलं? गाडी तुझ्या नवऱ्याकडेच आहे ना? अजून काय पाहिजे?"

"तुम्ही सकाळी सगळ्यांसमोर बोललात. आता सगळे इथेच आहेत. ज्या आवाजात बोललात त्याच आवाजात सांगा, की पायात दोष नव्हता."

"अरे!" शेठ झुलालकडे वळले. "तुझी बायको आहे की वकील?"

झुलालने मान खाली घातली. हसू लपवायला घातली की भीतीने, हे वच्छलालाही सांगता आलं नसतं. पण मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "दोन्ही, शेठजी."

शेठनी एकदा पेढीकडे पाहिलं, एकदा हमालांकडे. एक हमाल खोकला. मग शेठ वैतागाने हात झटकून, पण मोठ्याने, पत्र्याखालच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "झुलालच्या पायात दोष नव्हता! झालं? ऐकलं सगळ्यांनी? चला, कामाला लागा!" आणि जाता जाता तिच्याकडे बोट करून म्हणाले, "आणि तू! पुन्हा माझ्या गाडीला चिंधी बांधलीस तर बघ."

"नाही बांधणार," वच्छला म्हणाली. "पण आवाज बदलला तर सांगायला येणार."

ते ऐकलं न ऐकलंसं करून शेठ गेले.

वखार हलू लागली. घड वाहिले जाऊ लागले, दिवालीबाई पानं मोडू लागली. झुलाल ट्रकच्या मागच्या फळ्या उघडत होता, आणि जाता-येता एकेक हमाल त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केल्यासारखं करत होता. "पाय लागू द्या महाराज!" "डावाच द्या, डावाच!" तो त्यांना शिव्या घालत होता. किती दिवसांनी शिव्या घालत होता.

वच्छला रांजणापाशी राखेने हात घासत होती, तेव्हा रुपचंद मिस्तरी शेजारी येऊन उभा राहिला. त्याने पाणी पिण्याचं निमित्त केलं. मग कुणी ऐकत नाही असं बघून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, ते वरचं भोक मी उद्या भरून घेतो. पण पार घट्ट केलं तर? किती ढिली ठेवू?"

तिने ओल्या हाताने, बोट आणि अंगठा यांत ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर धरून दाखवलं. "एवढी. वाजली पाहिजे. नुसती वाजली पाहिजे, आपटायला नको."

त्याने मान हलवली, ते अंतर स्वतःच्या दोन बोटांत धरून नीट लक्षात ठेवलं आणि ट्रककडे गेला. तिथे हमाल जमले होते. त्याने दांडीकडे बोट दाखवलं, तीच दोन बोटं वर धरली, आणि त्याचा आवाज रांजणापर्यंत आला: "याला प्ले म्हणतात, प्ले. हा एवढाच ठेवायचा असतो. हे काम कुणाचंही नव्हे." हमाल माना डोलावत होते. "बरोबर मिस्तरी. खरं आहे मिस्तरी."

वच्छलाच्या हातांची राख तशीच राहिली. बाळ रांगत येऊन तिच्या पायाला चिकटलं होतं आणि तिच्या काळ्या बोटांचा वास घेत होतं. तुळसा तिथेच उभी राहून मघापासून एकदा मिस्तरीकडे, एकदा आईच्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं:

"माय, मिस्तरी व्हाले काय लागस वं?"